पायऱ्यांची पेठ

तुम्ही कधी कोणाची वाट पाहिली आहे का? घटकाभराची नव्हे. भाकरी थापतानाही कान दाराकडे असतो आणि कोणी विचारले, "काय बघतेस गं सारखी?" तर "कुठे काय?" असे म्हणून आपण मान खाली घालतो, तशी वाट?

पाहिली असेल, तर ही गोष्ट तुम्हाला लवकर कळेल. पाहिली नसेल, तर तुम्ही अजून लहान आहात. जवळ बसा आणि ऐका. कधीतरी उपयोगी पडेल.

खूप जुन्या काळी, जेव्हा वाटेवर माणसांपेक्षा बैलांचीच पावले जास्त उमटत, तेव्हा एका नदीच्या काठी एक पेठ होती. एका बाजूला दुकानांची रांग, दुसऱ्या बाजूला जुन्या कोटाची भिंत आणि मधून जाणारी एकच वाट. नदी उतरून घाटाकडे जायचे तर याच वाटेने जावे लागे. म्हणून तांडे येत. मिठाच्या गोण्या लादलेले बैल, त्यांच्या गळ्यातल्या घंटा, पुढे नायक, मागे बायकामुले. तांडा आला की पेठेत कोणाला जेवायला सवड होत नसे. तेल्याचा घाणा दिवसभर कुरकुरे. कासाराच्या दुकानात काकणे भरायला बायकांची गर्दी होई. रंगाऱ्यांच्या अंगणात लाल, पिवळी आणि निळी कापडे वाऱ्यावर फडफडत, आणि ती लांबून दिसली की तांड्यातली मुले ओरडत, "आलं, पेठेचं गाव आलं!"

ही पेठ वसवणाऱ्या राजाने एक नियम घालून दिला होता. ज्याचे दार, त्याची वाट. प्रत्येक दुकानदाराने आपल्या उंबरठ्यासमोरचा वाटेचा तुकडा आपणच फरसबंद करायचा, झाडायचा, राखायचा. दुसऱ्या कोणी, अगदी राजाच्या माणसानेही, मालकाच्या मर्जीशिवाय त्या दगडाला हात लावायचा नाही.

नियम चांगला होता. पुष्कळ वर्षे त्या वाटेवर खडा सापडत नव्हता.

मग एका पावसाळ्यात कापडाच्या व्यापाऱ्याच्या दुकानात पाणी शिरले आणि काही तागे भिजले. व्यापाऱ्याने काय केले? आपल्या दारासमोर फरशीचा आणखी एक थर टाकला. पुढच्या पावसात त्याच्या दारातले पाणी तेल्याच्या दारात गेले. तेल्याने दोन थर टाकले. पाणी कासाराकडे गेले. कासारही काही हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. असे होता होता मुले मोठी झाली, म्हातारी माणसे गेली, आणि प्रत्येक दारासमोरचा दगड शेजाऱ्याच्या दगडापेक्षा थोडा तरी वर असावा ही पेठेची रीतच पडून गेली. उंच दगड म्हणजे मोठे घर. मुलगी द्यायची झाली तर लोक आधी दारासमोरचा दगड बघून येत.

त्या सरळ वाटेच्या अशा पायऱ्या झाल्या. एक वर, एक खाली, मग दोन वर, मग एकदम खाली. मुलांना मजा वाटे. ती एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या मारत शाळेत जात. म्हातारी माणसे भिंतीला हात लावून चालत. आणि प्रत्येक दुकानदार रोज सकाळी आपला तुकडा धुऊन पुसून लख्ख करी आणि त्याकडे बघून म्हणे, "आहे का असा दगड साऱ्या मुलखात?"

हळूहळू तांडे कमी झाले. आधी वाटले, यंदा मीठ कमी पिकले असेल. मग वाटले, कुठे रोगराई असेल. आणि एका वर्षी घंटा ऐकूच आल्या नाहीत.

या पेठेत सगुणा नावाची एक रंगारीण होती. मधल्या वयाची, शांत, हातांच्या रेषांत कायमचा निळा रंग बसलेली. नवरा गेल्यावर तिने रंगाचे काम एकटीने सांभाळले आणि भिवा नावाच्या मुलाला वाढवले. भिवाचा हात आईपेक्षाही चांगला होता. पण रंगवायला कापड तर हवे, आणि रंगवलेले न्यायला कोणी तरी हवे.

एके दिवशी भिवा म्हणाला, "आई, मी वरच्या गावी जातो. तांडे आता तिथून नदी उतरतात म्हणे. तिथे रंगाऱ्याकडे काम मिळतंय."

"दुसऱ्याच्या हाताखाली?"

"दुसऱ्याच्या हाताखाली तर दुसऱ्याच्या हाताखाली. हात चालता तरी राहील."

तो गेला. आणि तेव्हापासून सगुणेची वाट पाहणे सुरू झाले.

तिच्या अंगणात निळीचा एक रांजण होता, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. निळीच्या रांजणाला रंगारी जिवंत म्हणतात. त्याला रोज ढवळावे लागते. टाकळ्याच्या बिया शिजवून घालाव्या लागतात. चुना बघावा लागतो, गूळ बघावा लागतो. दोन-चार दिवस विसरले तर तो कुजतो आणि मग तसा रांजण पुन्हा लागायला माणसाची उमेदीची वर्षे जावी लागतात. हा रांजण भिवाच्या आजीने लावला होता. सगुणेकडे रंगवायला कापड नव्हते, तरी ती रोज पहाटे उठून रांजण ढवळी. शेजारणी म्हणत, "अगं, कुणासाठी एवढं? कापडाचा पत्ता नाही आणि रंगाला गूळ चारतेस!" ती हसे. मनात म्हणे, तो आला आणि रांजण मेलेला दिसला तर तो थांबेल कशाला?

अशात त्या मुलखाच्या राणीने पेठेवर नवा कारभारी नेमला. राणीने त्याला सांगितले होते, "तिथल्या लोकांना विचारा, गावाचं भलं कशात आहे. ते जे एक सांगतील, तेवढं एकच करा, पण नीट करा. माझ्याजवळ गवंडी आहेत, दगड आहेत, एका हिवाळ्याचा वेळ आहे. त्याहून जास्त नाही."

दिवाळी झाल्यावर कारभाऱ्याने सगळ्या दुकानदारांना चावडीवर बोलावले.

कापडाचे व्यापारी गिरिधरशेट आधी उठले. त्यांचा दगड पेठेत सगळ्यात उंच होता, म्हणून बोलण्याचा पहिला मान त्यांचा. ते म्हणाले, "पेठेच्या तोंडाशी दगडी कमान हवी, सरकार. लांबून दिसली की माणसाला वाटतं, काहीतरी गाव आहे."

"तोंड म्हणजे तुमच्या दुकानाकडचंच ना, शेटजी?" मागून धोंडबा तेली म्हणाला.

"मग काय तुझ्या घाण्याकडचं? तिकडून येणारा माणूस आधी घसरेल, मग गाव बघेल."

सगळे हसले. धोंडबाही हसला आणि उठला. "कमान नको, काही नको. दिवे हवेत. वाटेवर ओळीने दगडी खांब आणि त्यांच्यावर दिवे."

"आणि तेल कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? शेजारच्या गावातून आणायचं का आता?"

कासार म्हणाला, बाहेरच्या कासारांना पेठेत बसू देऊ नये. कोणीतरी म्हणाले, "अरे, बाहेरचं कुत्रं फिरकत नाही, कासार कुठून येतोय?" एकाने जकात माफ करण्याची मागणी केली.

"जकात माफ होऊन वर्ष झालं," कारभारी म्हणाला.

"हो का? आम्हाला कुणी बोललं नाही."

"दवंडी पिटली होती."

"आम्हाला वाटलं, कुणाच्या लग्नाचं वाजतंय."

असे बराच वेळ चालले. ज्याला जे हवे होते, ते त्याच्याच दारासमोर हवे होते. कारभारी सगळे ऐकून घेत होता. शेवटी त्याची नजर कोपऱ्यात बसलेल्या सगुणेकडे गेली.

"बाई, तुम्ही काही बोलला नाहीत."

सगुणा उठली. बोलायची सवय नव्हती, म्हणून तिने पदराचे टोक धरले. "कमान झाली तर छानच दिसेल, सरकार. दिवे लागले तर उजेड पडेल. पण माझा मुलगा कशानं परत येईल, तेवढंच मला कळत नाही."

"तो का गेला?"

"तांडे यायचे थांबले म्हणून."

"आणि तांडे का थांबले?"

यावर एकदम दहा आवाज उठले. वरच्या गावाने जादूटोणा केला. मिठाचा भाव पडला. नायक म्हातारा झाला, त्याला आता दिसत नाही. नदीने पात्र बदलले. कारभाऱ्याने हात वर केला.

"तांडेवाल्यांना कुणी विचारलं का?"



"त्यांना काय विचारायचं?" गिरिधरशेट म्हणाले. "ते गिऱ्हाईक. गिऱ्हाईक आलं की आम्ही विचारतो, काय दाखवू? जो आलाच नाही, त्याला कसं विचारणार?"

"त्याच्याकडे जाऊन," कारभारी म्हणाला.

कोणी जायला तयार होईना. विचारायला जायचे म्हणजे आपले दुकान चालत नाही हे कबूल करायचे. तेव्हा सगुणा म्हणाली, "मी जाते. तेवढाच माझा भिवाही दिसेल."

ती वरच्या गावी गेली. भिवा तिला रंगाऱ्याच्या पडवीत भेटला. उभ्यानेच भाकरी खात होता. आईला बघून त्याने भाकरी खाली ठेवली आणि हात पुसायला फडके शोधू लागला, जसा लहानपणी शोधत असे.

"वाळलास रे."

"कुठे? तुला दर वेळी तसंच वाटतं." मग तो म्हणाला, "आई, रांजण?"

"आहे. चांगला आहे."

त्याचा चेहरा तिने पाहिला, आणि तेवढ्या पाहण्यावर तिला पुढचे पुष्कळ दिवस काढता आले असते.

तोच तिला नायकाकडे घेऊन गेला. नदीकाठी तांडा उतरला होता. नायक खरेच म्हातारा झाला होता, पण दिसत त्याला स्वच्छ होते. सगुणेला बघताच तो म्हणाला, "अगं, तू पेठेतली रंगारीण ना? ये, बस. आमच्या बाया अजून तुझ्या निळ्याची आठवण काढतात. इथला निळा दोन धुण्यांत पळतो."

"मग येत का नाही, नायकबाबा? आम्ही रोज कान देऊन असतो."

"आम्हाला काय यावंसं वाटत नाही? तुमच्या विहिरीसारखं पाणी या काठावर कुठे नाही. माझं लग्न ठरलं ते तुमच्या पेठेत, काकणं भरताना." नायकाने उसासा टाकला आणि एका बैलाकडे बोट दाखवले. तो बैल बसलेला होता. त्याचे दोन्ही गुडघे फुटून बरे झालेले होते, वाकडे. "हे तुमच्या पेठेनं केलं. घाटात बैलाला ठाऊक असतं की दगड आहेत. तो जपून पाय टाकतो. पेठेत तो बिचारा विश्वासानं चालतो. सपाट, सपाट, आणि एकदम खड्डा. पाठीवर मीठ. दर फेरीला एखादं जनावर पडायचं."

"आम्हाला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की! शेटजींना सांगितलं, तेल्याला सांगितलं. तुझ्या नवऱ्यालाही सांगितलं होतं, तो होता तेव्हा. प्रत्येकानं मला हाताला धरून बाहेर आणलं आणि म्हटलं, नायक, बघा, माझ्या दारासमोर आहे का एक तरी खड्डा? आणि खरंच नव्हता. प्रत्येकाचा दगड आरशासारखा. बैल मोडतो तो दोन दगडांच्या मध्ये, आणि ते मधलं कुणाचंच नव्हतं."

सगुणा खाली बघत राहिली. तिलाही आपल्या दगडाचा अभिमान होता.

"आता ऐक," नायक म्हणाला. "माघी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही परत फिरू. तुमच्या काठावर येऊन बघेन. वाट सपाट दिसली तर पेठेतून जाऊ, पूर्वीसारखे. नाहीतर इथले लोक आम्हाला कायमचा तळ बांधून देताहेत. एकदा तो बांधला की मग माझी नातवंडंसुद्धा तुमच्याकडे यायची नाहीत."

निघताना भिवा नदीपर्यंत आला. "आई, पेठेतली माणसं मला माहीत आहेत. ती दगड उतरवायची नाहीत. पौर्णिमेला मी बैलगाडी घेऊन येतो. तांडा आला नाही तर तू माझ्याबरोबर चल. दार लावून टाकू."

"आणि रांजण?"

"रांजण गाडीत बसत नाही, आई," तो हळूच म्हणाला.

सगुणेने परत येऊन चावडीवर सगळे सांगितले. गिरिधरशेटनी मांडीवर थाप मारली. "बघा! मी तरी कधीचं म्हणतोय, हा धोंडबा आपला दगड वाजवीपेक्षा खाली ठेवतो. त्यानं तो माझ्याबरोबर आणावा, की झालं सपाट."

"मी वर येऊ? तुम्ही खाली या ना!"

"आजोबांनी टाकलेला दगड आहे तो."

"माझ्या आजोबांनी काय भाकरी थापल्या होत्या?"

सगळ्यांना पटले होते की दगड उतरायला हवेत. शेजाऱ्याचे. जो आधी उतरेल, त्याच्या दारात दोन्हीकडचे पाणी येणार, आणि लोक म्हणणार की घर बसले. कोणी तरी कारभाऱ्याला म्हणाले, "सरकार, तुम्हीच हुकूम काढा."

"काढता येईल," कारभारी म्हणाला. "पण हुकुमानं खाली गेलेला दगड, माझी पाठ वळली की पुन्हा वर येईल. गवंडी माझे, मेहनत माझी. पहिला घाव मात्र ज्याच्या दाराचा त्यानंच घालायचा. तुमचाच नियम आहे."

चावडी उठली. दिवस जाऊ लागले. गवंडी कोटाच्या सावलीत बसून राहिले.

एका सकाळी सगुणा रांजण ढवळून बाहेर आली, गवंड्याकडून पहार मागून घेतली आणि आपल्या दारासमोरच्या दगडावर घातली. पहार निसटली. तिने पुन्हा घातली.

गवंडी म्हणाला, "बाई, विचार केलात का? दोन्हीकडचं पाणी तुमच्या अंगणात येईल."

"पावसाला अजून अवकाश आहे."

"आणि तोवर शेजारी उतरले नाहीत तर?"

 ती घाव घालत राहिली. मग गवंडी पुढे झाले आणि त्यांनी थरावर थर काढले, अगदी जुन्या राजाच्या फरशीपर्यंत. सगुणेचे दार आता पेठेत सगळ्यात खाली दिसू लागले. येणारे जाणारे बघत आणि काही न बोलता पुढे जात. एकजण मात्र म्हणाला, "सगुणाक्का, विहीर खणताय काय?"

पौर्णिमा थोड्या दिवसांवर आली आणि जे कधी होत नाही ते झाले. भर माघात आभाळ भरून आले आणि दुपारभर पाऊस कोसळला. प्रत्येक दगडावरून पाणी खालच्या दगडावर उतरले आणि शेवटी सगळे मिळून सगुणेच्या दारात शिरले. तिने उंबरठ्याशी गोणपाट लावले, माती लोटली. पाणी थांबले नाही. ते अंगण ओलांडून रांजणाच्या तोंडाशी आले आणि आत पडू लागले. ती सुपाने पाणी उपसत होती. उपसता उपसता तिच्या ध्यानात आले की आता उपसण्याला अर्थ नाही. मग ती रांजणाच्या काठाशी नुसती बसली.

पाऊस थांबल्यावर धोंडबा तेली धोतर गुडघ्यापर्यंत खोचून बघायला आला. खरे सांगायचे तर तो दोन शब्द सुनावण्याच्या बेताने आला होता. पण अंगणात येऊन तो थबकला. निळ्या पाण्यावर तेलाचा तवंग तरंगत होता, रुंद, चकचकीत. पेठेत तेलाचा घाणा एकच होता.

"हे माझ्या दारातलं," तो म्हणाला.

"असू दे, धोंडबा. पाणी उताराला लागलं की येणारच."

"रांजण गेला?"

सगुणेने मान हलवली. ती रडत नव्हती. भिवाला काय सांगायचे याचा विचार करत होती.

 धोंडबा घरी गेला, आणि थोड्या वेळाने त्याच्या दारातून पहारीचा आवाज येऊ लागला. कासार बाहेर आला, बघत राहिला, आणि आत जाऊन त्यानेही पहार आणली. संध्याकाळपर्यंत गवंड्यांना पाणी प्यायला उसंत उरली नाही.

राहिले गिरिधरशेट. सगळे उतरल्यामुळे त्यांचा दगड आता आणखीच उंच दिसत होता, आणि याचा त्यांना थोडा आनंदही झाला होता. ते आपल्या ओट्यावर उभे राहून बघत होते. तेवढ्यात आतून त्यांची बायको, यमुनाकाकू, काठी टेकत दारात आल्या.

"अहो, मी या दारातून खाली कधीची उतरले नाही, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"तुला काय कमी आहे? लागेल ते वर येतं."

"येतं की. भाजी वर येते, दूध वर येतं. पण मला स्वतः भाजी निवडायची आहे. भाजीवालीशी भांडायचं आहे. सगुणेच्या दारात जाऊन तिच्याजवळ घटकाभर बसायचं आहे. माझ्या गुडघ्यांना तुमची ही उंची उतरता येत नाही."

 शेटजी स्वतः खाली उतरले आणि वळून वर पाहिले. बायको दारात उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून. एवढी लांब! रोज एकाच ताटलीतली सुपारी खाणारी माणसे, आणि एवढी लांब!

"धोंडबा, पहार दे."

धोंडबाने पहार दिली आणि ती धरायची कशी हेही दाखवले. दाखवताना तोंड मात्र बंद ठेवले नाही. "शेटजी, कापड मोजत नाही आपण. जोरात! अजून जोरात!"

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पेठेची वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट झाली. मधून एक उथळ गटार काढून गवंड्यांनी पाणी नदीकडे वळवले. ते गटार कोणा एकाच्या दारासमोरचे नव्हते, म्हणून कारभाऱ्याने सगळ्यांकडून त्यात एकेक दगड बसवून घेतला. यमुनाकाकू भाजीवालीशी मनसोक्त भांडून आल्या.

पौर्णिमेला भिवा बैलगाडी घेऊन आला. पेठेच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर त्याच्या लक्षात आले की एकही पायरी आड आली नाही, आपण गाडीतून उतरलोच नाही. तो तसाच मागे वळला, आईच्या दारात आला आणि थेट अंगणात गेला. रांजणाकडे पाहिले. वास त्याला दारातच आला होता.

"कधी?"

"पावसात."

त्याने वाकून रांजणाच्या काठाला हात लावला आणि बराच वेळ तो हात तिथेच ठेवला.

त्या दिवशी पेठेतली सगळी माणसे नदीच्या उतारावर जाऊन उभी राहिली. सकाळ गेली. दुपार गेली. पलीकडच्या काठावर धूळ उठली नाही, घंटा वाजली नाही. कोणीतरी म्हणाले, "उशीर केला आपण." गिरिधरशेटना "मी म्हटलंच होतं" असे म्हणावेसे वाटले, पण त्यांनी काय म्हटले होते ते त्यांनाच आठवेना. ऊन उतरले. माणसे तरीही हलली नाहीत.

भिवा आईजवळ आला. "आई, चल आता. दार लावू."

"सकाळी जाऊ," सगुणा म्हणाली.

"सकाळी काय होणार आहे?"

"मला माहीत नाही रे. पण इतकी वर्षं मी एकटी वाट बघत होते. आज सगळी पेठ माझ्याबरोबर उभी आहे. एवढं मला सकाळपर्यंत बघू दे."

भिवा तिच्या शेजारी उभा राहिला. नदीवरून गार वारा येत होता.

लहानथोरांनो, या गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच: आपल्या दारासमोरचा दगड आपण खाली घेतल्याशिवाय सगळ्यांची वाट सपाट होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडा नदी उतरून आला, पेठेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, आणि भिवाने निघायला जुंपलेले आपल्या गाडीचे बैल सोडले.